भूकंपग्रस्तांचे मानसिक पुनर्वसन : किल्लारीचा अनुभव आणि उपचारांची मात्रा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांना भूकंपाचा तडाखा बसला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ही या भागातील घरबांधणीची जुनी रीत. उन्हाळ्यात गारवा देणारी ही घरेच झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांची संख्या निरनिराळ्या नोंदींत सुमारे आठ हजार ते दहा हजार अशी दिलेली आढळते. किल्लारी, सास्तूर यांसारखी मोठी गावे भुईसपाट झाली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

या पुनर्वसनाची भौतिक बाजू बहुतेकांच्या परिचयाची आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविण्यात आलेला तो कार्यक्रम आजही प्रशिक्षण वर्गांतून अभ्यासिला जातो. किती घरे बांधली, किती दुरुस्त केली, किती खर्च झाला याची कोष्टके उपलब्ध आहेत. वाचलेल्या माणसांच्या मनाचे काय झाले, याची चर्चा मात्र त्या मानाने थोडी झाली. घर बांधून देता येते. परंतु त्या घराच्या छताखाली माणसाला निर्धास्त झोप लागावी यासाठी काय करावे लागते, हा प्रश्न अभियंत्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथील दरडींनंतर हाच प्रश्न पुन्हा तालुका प्रशासनापुढे उभा राहिला. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, सरपंच आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी हीच माणसे अशा वेळी प्रथम पोहोचतात. मनोविकारतज्ज्ञ येतो तो पुष्कळ नंतर. म्हणून उपचाराची पहिली मात्रा कोणती, ती किती द्यावयाची आणि कोणती देऊ नये, हे या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आघाताची ओळख

मोठ्या आपत्तीनंतर झोप उडणे, लहानशा आवाजाने दचकणे, छातीत धडधडणे, जेवण नकोसे होणे, आपणच का वाचलो या विचाराने खंत वाटणे, या गोष्टी रोगाच्या नव्हेत. त्या शरीर-मनाच्या स्वाभाविक प्रतिक्रिया होत. ट्रक गेला तरी जमीन हादरल्याचा भास होऊन माणूस घराबाहेर धावतो. किल्लारी परिसरात मुख्य धक्क्यानंतर कित्येक महिने लहान धक्के बसत राहिले. तेव्हा ही धास्ती निराधारही नव्हती. शिवाय १९९२ सालापासूनच तेथे धक्के जाणवत होते. लोक घाबरले, काही काळ बाहेर झोपले आणि पुढे सरावले. सरावल्यानंतर झालेला घात माणसाचा स्वतःच्या अंदाजावरील विश्वासच काढून घेतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय तेथील भीतीचे स्वरूप कळत नाही.

यांपैकी बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरतात. थोड्यांची मात्र ओसरत नाहीत. घडलेला प्रसंग आत्ताच घडत आहे असे पुन्हा पुन्हा अनुभवास येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसे व विचार टाळणे आणि धोका सतत समोर उभा आहे असे वाटत राहणे, ही तीन लक्षणे कित्येक आठवडे टिकून राहिली आणि रोजचे व्यवहार अडू लागले, तर त्यास आघातोत्तर ताणविकार असे म्हणतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली हे निदान आपल्या वर्गीकरणात प्रथम समाविष्ट केले. त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव होता. आपल्याकडील रुग्ण मात्र सहसा हे शब्द घेऊन दवाखान्यात येत नाही. तो अंगदुखी सांगतो, डोके जड झाल्याचे सांगतो, हातापायांना मुंग्या येतात म्हणतो. तपासणीत काही न आढळल्यास त्याला शक्तीचे इंजेक्शन मिळते आणि तो पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. शोक, नैराश्य आणि दारूचे व्यसन हेही आघाताचेच सोबती असून पुष्कळदा त्यांचे प्रमाण ताणविकाराहून अधिक असते.

बोलते करण्याचा अतिरेक

आपत्तीनंतर मन मोकळे केले पाहिजे, ही समजूत सर्वत्र आढळते. तिला शास्त्राचे रूपही मिळाले होते. १९८३ साली जेफ्री मिचेल या अमेरिकन तज्ज्ञाने अग्निशामक दल व रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांसाठी एक पद्धत सुचविली. प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत सर्वांना एकत्र बसवून घडलेले सविस्तर सांगावयास लावावे, असे तिचे स्वरूप होते. ती पुढे सरसकट सर्व आपद्ग्रस्तांना लागू करण्यात येऊ लागली. नंतरच्या चाचण्यांनी मात्र वेगळेच दाखविले. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर करण्यात आलेली एक चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीत असे एका बैठकीचे कथन करावयास लावलेल्या रुग्णांपैकी २६ टक्क्यांना तेरा महिन्यांनंतर ताणविकार असल्याचे आढळले. ज्यांना तसे काही करावयास लावले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होते. अशा सर्व चाचण्यांचा २००२ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हाही या पद्धतीचा उपयोग सिद्ध झाला नाही आणि ती सक्तीने वापरू नये असाच निष्कर्ष निघाला.

किल्लारीच्या संदर्भात हा मुद्दा केवळ वैद्यकीय नाही. भूकंपानंतर तेथे बघ्यांची एवढी गर्दी लोटली की मदतीची वाहने रस्त्यात अडकली. पुढारी आले, वार्ताहर आले, संस्था आल्या, अभ्यासक आले. पंचनामे, याद्या, दाखले आणि सर्वेक्षणे यांसाठी घरातील मृतांची नावे व वये एकाच माणसाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली गेली. आपत्तीत हे थोडेबहुत अटळ असते. परंतु प्रत्येक वेळी जखमेची खपली निघते, हे विसरता येत नाही. एका कुटुंबाची माहिती एकदाच, एका जबाबदार कर्मचाऱ्याने, शक्य तर गावच्याच माणसाच्या उपस्थितीत घ्यावी आणि इतर खात्यांनी ती त्याच नोंदीतून घ्यावी, एवढी साधी कार्यालयीन शिस्तही मानसिक उपचाराचेच काम करते. तिला खर्च लागत नाही.

याचा अर्थ माणसाला गप्प बसवावे असा नव्हे. स्वतःहून बोलणाऱ्याचे शांतपणे ऐकावे, उपदेश करू नये, इतरांचे याहून वाईट झाले असे सांगून सांत्वन करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली तिचे सार पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे या तीन क्रियांत आहे. कोण सुरक्षित आहे व कोणाला तातडीची गरज आहे ते पाहणे. गरज विचारून ऐकून घेणे. आणि नातेवाईक, अन्न, निवारा, दवाखाना व खरी माहिती यांच्याशी त्या माणसाला जोडून देणे. हे काम शिक्षक करू शकतो, आशा कार्यकर्ती करू शकते, पंचायत सदस्यही करू शकतो.

गोळीची मात्रा

दुसरा अतिरेक औषधांचा. मदत शिबिरात झोप येत नाही म्हणणाऱ्यास डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम यांसारखी गोळी देणे सोपे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाच्या लक्षणांसाठी या वर्गातील औषधे देऊ नयेत. त्यांची सवय लागते आणि मनाने स्वतः सावरण्याच्या क्रियेत अडथळा येण्याचा संभव असतो. झोपेसाठी कंदील किंवा दिवा जळता ठेवणे, स्त्रियांना व मुलांना आपल्या माणसांशेजारी जागा देणे, रात्री गस्त ठेवणे आणि संध्याकाळनंतर चहा टाळणे, हे उपाय गोळीच्या आधीचे आहेत. मात्र आधीपासून अपस्मार अथवा तीव्र मनोविकाराची औषधे घेणाऱ्या रुग्णांचे औषध ढिगाऱ्याखाली गेलेले असते. ते खंडित होऊ न देणे हे वैद्यकीय अधिकाऱ्याचे पहिल्या दिवसाचे काम होय. शिबिरांत नेमक्या याच रुग्णांकडे सर्वांचे दुर्लक्ष होते.

घर, शेजार आणि अपुरे राहिलेले विधी

भूकंपानंतर प्रेतांचे सामुदायिक दहन करावे लागले. पावसात, घाईत, कित्येकदा ओळख पटण्यापूर्वी. ज्यांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शन घडले नाही, ज्यांचा दहावा-तेरावा रीतीप्रमाणे झाला नाही, त्यांचा शोक अर्धवट राहतो. दुःख व्यक्त करण्याची जी चौकट समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घडविली आहे तिचे मोल अशा वेळी कळते. मृतांच्या नावांची यादी गावात लावणे, वर्षश्राद्धास किंवा चाळिसाव्यास सर्वांनी एकत्र येणे, कीर्तन, भजन अथवा प्रार्थना यांना जागा देणे, हे उपचाराबाहेरचे नाही. अंगात येणे वा भूतबाधा या नावाखाली मारहाण आणि छळ होत असेल, तर मात्र ते श्रद्धेचे काम राहत नाही. त्यावर २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याने कारवाई होऊ शकते.

निवाऱ्याच्या बाबतीत किल्लारीने दुहेरी धडा दिला. पुनर्वसित गावांत घराचे आकारमान जमीनधारणेवर ठरविण्यात आले: भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. आकारानुसार घरांच्या ओळी पडल्या आणि रुंद सरळ रस्ते आखले गेले. जुन्या गावातील गल्ली, भावकी, ओट्यावरचे बसणे आणि हाकेच्या अंतरावरचा शेजार यांची मोडतोड झाली. रात्री भीती वाटली तर भिंतीपलीकडून आवाज देणारी जाऊ किंवा चुलती आता गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. नियोजनात समानतेचा व सोयीचा विचार होता, यात शंका नाही; पण आघातग्रस्ताच्या दृष्टीने शेजार हेच औषध असते आणि आराखड्याने ते नकळत काढून घेतले.

ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही तेथील दुरुस्तीच्या कामात वेगळे घडले. घरमालकाने स्वतः देखरेख करून आपले घर बळकट करून घ्यावयाचे, अशी योजना होती. माहिती देण्यासाठी गावोगावी महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचा या कामी पुढाकार होता. भिंतीत भूकंपरोधक पट्टा कोठे घालावयाचा, कोपरे कसे बांधावयाचे, हप्ता केव्हा मिळतो, हे बायका एकमेकींना समजावून सांगू लागल्या. दगडाच्या घराची भीती त्या काळी एवढी होती की कित्येकांना दगडी भिंत नजरेसमोरही नको होती. भिंत कशामुळे पडते आणि कशामुळे उभी राहते हे ज्याने हातांनी अनुभवले, त्याची भीती व्याख्यानाने समजूत घातलेल्या माणसापेक्षा लवकर निवळते. या कार्यक्रमाकडे बांधकामाची योजना म्हणूनच पाहिले गेले. पण त्याचे मानसिक फलित कमी लेखता येणार नाही. मोबदल्याची रक्कम हाती देऊन माणसाला रिकामे बसविल्यास तो पैसा कोठे जातो, हे ग्रामीण भागात काम केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्यास सांगावे लागत नाही.

मुले आणि शाळा

लहान मुले बोलून दाखवीत नाहीत, ती खेळतात. ‘भूकंप-भूकंप’ खेळणारी, दगडांखाली बाहुली पुरणारी मुले पाहून मोठी माणसे रागावतात. वास्तविक तो मुलांचा स्वतःचा उपचार असतो. खेळ कित्येक दिवस जसाच्या तसा, आनंदाविना चालू राहिला, मूल अंथरूण ओले करू लागले, आईचा पदर सोडीनासे झाले किंवा वर्गात शून्यात बघत बसू लागले, तरच विशेष लक्ष द्यावे. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये का होईना, लवकरात लवकर सुरू करणे यासारखा दुसरा उपाय नाही. घंटा, हजेरी, पाढे आणि मधली सुट्टी यांतून दिवसाला पुन्हा आकार येतो. शिक्षकांनी मुलांना ‘भूकंपाचा माझा अनुभव’ असा निबंध लिहावयास सांगू नये. चित्र काढावयास द्यावे, विषय त्यांच्यावर सोपवावा.

अनाथ व निराधार मुलांबाबत त्या वेळी दोन वाटा चोखाळल्या गेल्या. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आपलं घर’ उभारून मुलांना त्यांच्याच मुलखात ठेवले. हराळी येथे ज्ञान प्रबोधिनीने निवासी शाळा सुरू केली. दूर नेल्याने शिक्षणाच्या संधी वाढतात. जवळ ठेवल्याने आजी, मामा, शेत आणि बोली सुटत नाहीत. कोणत्या मुलास काय मानवेल हे उरलेले नातेवाईक व खुद्द ते मूल यांना विचारूनच ठरवावयास हवे. एकच निर्णय सर्वांना लागू करणे ही प्रशासनाची सोय असते.

थोड्यांसाठी विशेष उपचार

महिना-दोन महिन्यांनंतरही ज्यांचे जिणे अडलेले आहे त्यांच्यासाठी खास उपचार आहेत आणि ते परिणामकारक आहेत. आघातकेंद्रित वर्तन-बोधन उपचार साधारणतः ८ ते १२ बैठकांचा असतो. त्याचे तत्त्व मात्रेचे आहे. छताखाली जाण्यास घाबरणाऱ्या माणसास उपचारक एकदम आत कोंडत नाही. प्रथम घर सुरक्षित असल्याची खात्री करून घेतली जाते, कारण खऱ्या धोक्याची भीती हा विकार नव्हे. मग दिवसा, दार उघडे ठेवून, कोणी सोबत असताना काही मिनिटे आत बसावयाचे. भीती चढते, टिकते आणि हळूहळू उतरते. ती उतरेपर्यंत तेथून उठावयाचे नाही. ते जमले की अर्धा तास. मग एकट्याने. मग दुपारची झोप दाराशी, आणि अखेरीस रात्रीची झोप आतल्या खोलीत. आठवणींच्या बाबतीतही हाच क्रम: विश्वास निर्माण झाल्यावर, प्रशिक्षित माणसासमोर, ठरलेल्या वेळेत आणि रुग्णाच्या संमतीने. पहिल्या आठवड्यात जमावासमोर करावयास लावलेल्या कथनात आणि या कथनात हाच भेद आहे. नैराश्याची जोड असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली नैराश्यावरील औषधेही उपयोगी पडतात. श्वसनाचे व्यायाम आणि योगासने यांनी शरीराची सततची सज्जता सैल पडते. ती पूरक म्हणून उत्तम होत. मुख्य उपचाराऐवजी त्यांवर विसंबू नये.

एवढे तज्ज्ञ आणावयाचे कोठून? हा प्रश्न रास्त आहे. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी वायुग्रस्त भागातील सर्वसाधारण डॉक्टरांनाच मानसिक उपचारांचे प्रशिक्षण दिले. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तज्ज्ञ नसलेल्या पण रीतसर प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना बरे होण्यास मदत केल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली आपद्ग्रस्तांसाठी पाच साप्ताहिक बैठकांचा कार्यक्रम तयार केला, तोही अशाच कार्यकर्त्यांसाठी. श्वसन, अडचणींची उकल, थांबलेली कामे पुन्हा सुरू करणे आणि माणसांचा आधार वाढविणे, एवढाच त्याचा गाभा आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य पथक आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६) यांचा आधार आता गावपातळीवरील कार्यकर्त्यास घेता येतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार शासकीय व्यवस्थेतून असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. आत्महत्येची भाषा करणाऱ्यास मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोहोचवावे आणि तोवर एकटे सोडू नये.

नोंद आणि पाठपुरावा

उपचार मोजून द्यावयाचे, तसे त्यांचे फलही मोजावयास हवे. ताणविकाराच्या तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली २० प्रश्नांची आहे. उपचारापूर्वी व नंतर ती विचारल्यास फरक आकड्यांत दिसतो. प्रश्न स्थानिक बोलीत उलगडून विचारावेत आणि मिळालेल्या गुणांवरून निदान करू नये. पुढे कोणाला पाठवावयाचे हे ठरविण्यापुरताच त्यांचा उपयोग. खेड्यात याहून सोप्या खुणाही असतात. स्त्री पुन्हा बाजाराला जाऊ लागली काय, शेतकऱ्याने पेरणी वेळेवर केली काय, मूल शाळेत रोज येते काय, रात्री घरातले सर्वजण कोठे झोपतात. आशा कार्यकर्तीने एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी बाधित घरांना भेट देऊन एवढ्या चार गोष्टी वहीत नोंदविल्या, तरी कोणाची प्रकृती सुधारत नाही हे तालुक्यास वेळेवर कळेल. तातडीचा निधी आणि बाहेरची पथके यांचा ओघ बहुधा सहा महिन्यांत आटतो. नेमक्या त्याच सुमारास, इतरांची घडी बसल्यावर, मागे राहिलेल्यांचे दुखणे ठळक होऊ लागते.

भेटींच्या वेळापत्रकात स्मृतिदिन आवर्जून धरावा, कारण दबलेली लक्षणे त्या दिवसांत पुन्हा उसळतात. लातूर-धाराशिवच्या या गावांना असे दिवस वर्षातून दोन येतात. दिनदर्शिकेप्रमाणे ३० सप्टेंबर, ज्या दिवशी शासकीय श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. आणि तिथीप्रमाणे अनंत चतुर्दशी, जिची तारीख दरवर्षी बदलते आणि जिच्या रात्री विसर्जनाची मिरवणूक आटोपून माणसे घरी परततात. वहीत या दोन्ही तारखांपुढे खूण असावी.